संकेतस्थळाची किल्ली कोणाच्या हातीं?

दिवाळी होऊन महिना लोटलेला असतो, वाचनालयाचीं दारें केव्हांच उघडलेलीं असतात, आणि तरीहि त्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर 'सुटीनिमित्त देवघेव बंद राहील' ही सूचना ठळक अक्षरांत झळकत असते. हा अनुभव श्रोत्यांपैकीं पुष्कळांना आला असेल. वाचनालयाच्या ठिकाणीं शाळा असेल, पतपेढी असेल, धर्मार्थ दवाखाना असेल, किंवा परदेशीं स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचें मंडळ असेल. पाहणारा मनुष्य ह्यावरून असें अनुमान काढतो कीं, संस्थेचे चालक आळशी आहेत. हें अनुमान बहुधा अन्यायाचें असतें. ती सूचना काढून टाकावी असें चिटणिसांनीं स्थळ बांधून देणाऱ्या कारागिराला दोनदां कळविलेलें असतें. कारागिरापुढें दुसरीं मोठीं कामें असतात. आणि चिटणिसांच्या हातीं स्वतःचीच पाटी पुसण्याचें साधन नसतें. दारावरच्या फळ्यावर खडूनें लिहिण्यास त्यांना कोणाची परवानगी लागत नाहीं. परंतु जो फळा साऱ्या गांवाला घरबसल्या दिसतो, त्याला त्यांचा हात पोंचत नाहीं.

दवाखान्याची बदललेली वेळ पाटीवर न चढल्यामुळें एकादा रोगी बंद दारावरून परत गेला, तर ती केवळ गैरसोय राहत नाहीं. म्हणून संस्थेला आपलें स्थळ स्वतः बदलतां यावें, अशी व्यवस्था कोणती व कशी निवडावी, हा प्रश्न कारागिरांपुरता नाहीं. ज्यांच्या अंगावर एकाद्या संस्थेचें काम आहे अशा प्रत्येक सुशिक्षित गृहस्थाशीं आणि गृहिणीशीं त्याचा संबंध येतो.

गंमत अशी कीं, वेबच्या मूळ कल्पनेंत ही परवशता नव्हती. सर्न ह्या युरोपीय संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली ह्यांनीं १९९० सालीं पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हां त्यांत पान जसें वाचतां येई तसेंच तें बदलतांहि येई. वाचणारा निराळा आणि लिहिणारा निराळा, असा भेद तेथें केलेला नव्हता. परंतु तो ब्राउझर नेक्स्ट नांवाच्या विशिष्ट संगणकावरच चालत असे. पुढें १९९३ सालीं मोझेक हा ब्राउझर सामान्य संगणकांवर आला आणि वेब घरोघर जाण्याची वाट मोकळी झाली. मात्र मोझेकमध्यें पान पाहतां येई, तें लिहिण्याची सोय नव्हती. वाचणारे वाढत गेले, आणि लिहिणें हें एचटीएमएल नांवाची खुणांची भाषा जाणणाऱ्या थोड्यांच्या स्वाधीन झालें. फ्रंटपेजसारख्या साधनांनीं ही दरी बुजविण्याचा यत्न केला. १९९६ सालीं मायक्रोसॉफ्टनें तें साधन विकत घेतलें आणि कित्येक वर्षें खपविलें. परंतु त्यांत पानाचा मजकूर आणि पानाची वेलबुट्टी हीं एकाच फायलींत गुंतलेलीं असत. सूचनेंतील एक ओळ बदलावयास गेलेला कारकून मथळ्यावरचें चित्र गमावून बसे.

ह्या गुंत्यावरचा उपाय छापखान्याच्या इतिहासांत अगोदरच सांपडतो. शिळाछापाच्या पद्धतींत सबंध पान एका दगडावर उतरविलेलें असे. अक्षर मोत्यासारखें येई खरें, पण मजकूर बदलला कीं पुनः दगड, पुनः लेखनिक. खिळ्यांचा छापखाना आला, तेव्हां चौकट तीच ठेवून आंतील जुळणी तेवढी बदलतां येऊं लागली. संकेतस्थळांच्या बाबतींत हेंच काम जी व्यवस्था करते, तिला इंग्रजींत 'कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम' असें भारदस्त नांव आहे. मराठींत तिला मजकूर-व्यवस्था म्हटलें म्हणजे पुरे. तींत मजकूर एका कोठारांत, म्हणजे डेटाबेसमध्यें, साध्या रूपांत ठेवलेला असतो. रंग, रेघा, मथळ्याची जागा, चित्राचा आकार ह्यांचा सांचा निराळा असतो. वाचकानें पान मागितलें कीं, सर्व्हरवरील प्रोग्राम ह्या दोहोंची जुळणी करून तें पान त्याच्यापुढें ठेवतो. ह्यांतलें कांहींहि कारकुनाला दिसत नाहीं. त्याला दिसतो तो एक साधा अर्ज: मथळा, मजकूर, तारीख, चित्र, आणि शेवटीं 'प्रकाशित करा' अशी कळ. २००१ सालीं अमेरिकेंत बेन आणि मीना ट्रॉट ह्या दांपत्यानें अशीच एक व्यवस्था काढली, आणि तिचें नांवच 'मूव्हेबल टाइप', म्हणजे सुटे खिळे, असें ठेवलें. त्या व्यवस्थेची पुढें जी गति झाली ती बोधप्रद आहे. तिचा उल्लेख यथास्थळीं येईल.

खरा घोटाळा होतो तो निवडीच्या वेळीं. नवा कारागीर आपल्या व्यवसायबंधूंना विचारतो कीं, सर्वांत चांगली व्यवस्था कोणती? प्रत्येक जण आपण वापरतो तिचें नांव सांगतो. सर्वांत चांगली वही कोणती, असें विचारण्यासारखाच हा प्रकार आहे. बालवर्गांतल्या मुलाला दुरेघी वही लागते, हिशेबनिसाला खतावणी लागते, आणि भूमितीला आलेखाची वही लागते. लिहिणारा कोण, हें ठरल्यावांचून वहीचा विचार करणें व्यर्थ होय. कारागिराची आवड, त्याचें कौशल्य, त्याला येत असलेली प्रोग्रामची भाषा ह्या गोष्टी गौण आहेत असें नाहीं. पण त्या मागाहून येतात.

एका मध्यम आकाराच्या शहरांतलें वाचनालय डोळ्यांपुढें आणावें. तेथें चिटणीस निवृत्त आहेत आणि त्यांचें सारें काम फोनवर चालतें. देवघेवीच्या खिडकीपाशीं ज्या बाई बसतात, त्याच प्रत्यक्ष लिहिणार. सभासदांची रांग संपली कीं मधल्या दहा मिनिटांत, आणि तेंहि जुन्या संगणकावर. कारागिरानें प्रथम ह्या बाईंशीं बोलावें. बहुतेक ठिकाणीं तो कार्यकारी मंडळाशीं बोलतो, मंडळाला आरंभींचें फिरतें चित्र आवडतें, आणि बाईंना कोणी विचारीत नाहीं.

बाईंना विचारलें म्हणजे कळतें कीं, सूचना आठवड्याला बदलतात. नव्या पुस्तकांची यादी महिन्याला येते. व्याख्यानमाला वर्षांतून एकदां असते. मंडळ तीन वर्षांनीं बदलतें. आणि वाचनालयाचा इतिहास कधींच बदलत नाहीं. ह्याचा अर्थ असा कीं, मेहनत सूचना, यादी आणि कार्यक्रम ह्या तिहींसाठीं घ्यावयाची. पुस्तकाच्या नोंदीला नांव, लेखक, प्रकार आणि दाखल झाल्याची तारीख असे निरनिराळे रकाने द्यावेत, म्हणजे लेखकावरून वा प्रकारावरून यादी आपोआप लागते. तीच यादी एका लांबलचक पानावर सलग लिहिली, तर वर्षाच्या आंत तिचा गुंता होतो. कार्यक्रमाला तारखेचा रकाना असला, कीं तो होऊन गेल्यावर 'झालेले कार्यक्रम' ह्या सदरांत आपण होऊन जाऊन बसतो.

सूचनेचें तसेंच आहे. सूचना लिहितांनाच ती कोणत्या दिवशीं उतरावयाची हें सांगतां आलें, तर दिवाळीची पाटी मार्गशीर्षांत लटकत राहत नाहीं. बाब क्षुल्लक दिसते. पण व्यवस्था-व्यवस्थांमधला फरक अशाच बाबींत उघड होतो. जुमला ह्या व्यवस्थेंत लेख केव्हां लावावा आणि केव्हां उतरवावा, असे दोन्ही रकाने मुळांतच आहेत. वर्डप्रेसमध्यें पुढची तारीख देऊन लेख लावण्याची सोय मुळांत आहे, उतरविण्याची नाहीं. तिच्यासाठीं प्लगइन, म्हणजे बाहेरचा जोड, बसवावा लागतो. ड्रुपलमध्येंहि ह्या कामाला जोडच घ्यावा लागतो. तिन्ही व्यवस्थांच्या लांबलचक तुलना करीत बसण्यापेक्षां ह्या एका प्रश्नानें निवडीला अधिक उजेड मिळतो.

लिहिणाऱ्याला मोकळीक किती द्यावी, ह्याविषयीं कारागीर फार उदार असतात. पडद्यावर रंग, आकार, अधोरेखा, डावें-उजवें अशा बटणांची ओळच्या ओळ ते मांडून देतात. परिणाम असा होतो कीं, महत्त्वाची सूचना लाल, अधिक महत्त्वाची निळी, आणि अध्यक्षांचें नांव तिप्पट आकाराचें होतें. सहा महिन्यांत स्थळाला जत्रेंतल्या फलकाची कळा येते. बाईंना मथळा, परिच्छेद, यादी, दुवा आणि चित्र एवढ्या पांच गोष्टी पुरे आहेत. कमी साधनें देणें हा येथें कंजूषपणा नव्हे.

मराठी मजकुराच्या कांहीं अडचणी परदेशी पुस्तकांत सांपडत नाहींत; त्या येथेंच सांगितल्या पाहिजेत. पुष्कळ संस्थांचीं जुनीं पत्रकें युनिकोडच्या प्रसारापूर्वींच्या फाँटांत टंकलेलीं असतात. तो मजकूर उचलून अर्जांत चिकटविला, कीं देवनागरीऐवजीं रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी उमटते. कोणी मग त्या पत्रकाचें चित्रच करून लावतात. डोळ्यांना तें वाचतां येतें. पण शोधयंत्राला नाहीं, आणि ज्या दृष्टिहीन वाचकाला संगणक पान वाचून दाखवितो त्याला तर मुळींच नाहीं. असा मजकूर प्रथम युनिकोडमध्यें पालटून घ्यावा, आणि बाईंना युनिकोडचा कळफलक शिकवावा. हें काम व्यवस्था निवडण्याइतकेंच मोलाचें आहे. दुसरी अडचण पत्त्याची. मथळा देवनागरींत असला, कीं वर्डप्रेस पानाचा पत्ताहि त्यावरूनच बनवितें, आणि तो दुवा व्हॉट्सॲपवर पाठविला तर टक्केवारीच्या चिन्हांची हातभर लांब माळ होऊं शकते. लोकांना ती फसवणुकीची वाटते. पत्ता लहान रोमन अक्षरांत ठेवण्याची संवय पहिल्या दिवसापासून लावावी. एक सोय मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे. २०१६ सालच्या अखेरीपासून वर्डप्रेसमध्यें प्रत्येक वापरणाऱ्याला आपल्या पडद्याची भाषा निराळी ठेवतां येते. बाईंना सर्व कळा मराठींत दिसाव्यात आणि कारागिराला इंग्रजींत, हें एकाच स्थळावर जमतें.

आतां प्रमुख व्यवस्थांकडे वळावें. वर्डप्रेस ही मॅट मुलनवेग आणि माइक लिटल ह्यांनीं २००३ सालीं एका जुन्या व्यवस्थेवरून उभी केली. मूळ हेतु दैनंदिनीवजा लेखन प्रसिद्ध करण्याचा होता; आज जगांतील दर पांच संकेतस्थळांपैकीं सुमारें दोन तिच्यावर चालतात. तिचा मोठा गुण म्हणजे माणसें मिळतात: एक कारागीर सोडून गेला तर दुसरा त्याच शहरांत भेटतो. ड्रुपल बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट ह्यांनीं २००१ सालीं लोकांपुढें ठेवली. रकान्यांची शिस्त, निरनिराळ्या अधिकारांचें बारीक वांटप, आणि अनेक भाषा ह्यांत ती फार समर्थ आहे. विद्यापीठें आणि सरकारी खातीं तिच्याकडे जातात तीं ह्यासाठींच. पण तिला जाणता कारागीर सतत जवळ लागतो, आणि वाचनालयाला तो परवडत नाहीं. जुमला २००५ सालीं मँबो नांवाच्या व्यवस्थेंतून फुटून निघाली. तिचें नांव स्वाहिली भाषेंतल्या 'सर्व मिळून' अशा अर्थाच्या शब्दावरून घेतलें आहे. मूळ अरबी असल्यामुळें मराठी हिशेबांतल्या 'जुमला' ह्या शब्दाशीं त्याचें सख्खें नातें निघतें.

मोठ्या घराण्यानें एकादी व्यवस्था घेतली म्हणून ती आपणहि घ्यावी, हा युक्तिवाद सभांमधून फार ऐकूं येतो. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासाचें, म्हणजे व्हाइट हाउसचें संकेतस्थळ २००९ सालीं ड्रुपलवर गेलें, तेव्हां ड्रुपलच्या अभिमान्यांनीं तो दाखला दिला. २०१७ सालीं तेंच स्थळ वर्डप्रेसवर आलें, आणि दाखला दुसऱ्या पक्षाकडे गेला. वाचनालयाच्या बाईंना दोहोंपासून कांहींच बोध होत नाहीं.

ह्याखेरीज विक्स, स्क्वेअरस्पेस ह्यांसारख्या भाड्याच्या व्यवस्था आहेत. तेथें सर्व्हर, डागडुजी, पहारा हें सर्व घरमालकाकडे असतें आणि भाडेकरूनें केवळ संसार मांडावयाचा. लहान दुकानाला, एकट्या वैद्याला किंवा चित्रकाराला ही तऱ्हा सोयीची आहे. तिला नाक मुरडण्याचें कारण नाहीं. मात्र घर सोडण्याची वेळ आली, तर भिंती बरोबर नेतां येत नाहींत: विक्सवर बांधलेलें सबंध स्थळ उचलून दुसऱ्या सर्व्हरवर मांडतां येत नाहीं. उलट टोकाला जेकिलसारखीं साधनें आहेत. तीं सर्व पानें अगोदरच तयार करून ठेवतात, त्यामुळें पान झटकन् येतें आणि चोराला शिरावयास फटी थोड्या राहतात. कारागिरांना तीं फार प्रिय आहेत, पण खिडकीपाशीं बसणाऱ्या बाईंचा त्यांत विचार केलेला नसतो. आणि ज्या संस्थेचें स्थळ वर्षांतून दोनच वेळां बदलतें, तिनें कोणतीच व्यवस्था घेऊं नये. दोन बदलांची मजुरी कारागिराला द्यावी आणि सुखानें राहावें. हें सांगणारा कारागीर विरळा, कारण त्यांत त्याचा तोटा असतो.

व्यवस्था फुकट मिळते, ह्या एका शब्दानें कित्येक मंडळें भुलतात. वर्डप्रेस, ड्रुपल, जुमला ह्या तिन्ही मोफत आहेत आणि त्यांचा आंतला प्रोग्राम सर्वांना खुला आहे, हें खरें. पण विहीर फुकट मिळाली तरी गाळ दरवर्षीं काढावा लागतोच. १५ ऑक्टोबर २०१४ रोजीं ड्रुपलच्या सातव्या आवृत्तींतील एक भयंकर दोष जाहीर झाला. कोणीहि परका, पासवर्डावांचून, डेटाबेसला हुकूम सोडूं शकेल अशी ती फट होती. दुरुस्ती त्याच क्षणीं उपलब्ध करण्यांत आली. तरीहि दोन आठवड्यांनीं ड्रुपलच्या सुरक्षामंडळानें असें पत्रक काढलें कीं, ज्यांनीं घोषणेपासून सात तासांच्या आंत दुरुस्ती बसविली नसेल, त्यांनीं आपल्या स्थळांत चोर शिरलाच असें धरून चालावें. भारतीय वेळेप्रमाणें ते सात तास रात्रीं साडेनऊपासून पहाटे साडेचारपर्यंतचे होते. एवढ्या अवधींत कोणत्या वाचनालयाचा चिटणीस जागा असणार?

म्हणून निवड करतांना मंडळानें विचारावें कीं, रात्रीं साडेनऊला फट उघडी पडली तर ती कोण बुजविणार? वर्डप्रेसनें २०१३ सालापासून लहान दुरुस्त्या आपोआप बसविण्याची सोय केली आहे. भाड्याच्या व्यवस्थेंत ती जबाबदारी मालकाची असते. इतरत्र कारागिराशीं वार्षिक देखभालीचा करार करावा लागतो आणि त्याची रक्कम अंदाजपत्रकांत पहिल्या वर्षापासून धरावी लागते. प्लगइनांचाहि येथें विचार व्हावा. प्रत्येक जोड हा कोणा परक्यानें लिहिलेला असतो, आणि तो परका एक दिवस कंटाळून त्याची निगा सोडूं शकतो. तीन जोडांत भागत असेल तर चवथा घेऊं नये. आवृत्तींचेंहि आयुष्य संपतें: ज्या सातव्या ड्रुपलची गोष्ट वर आली, तिची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ रोजीं थांबली, आणि तिच्यावरून पुढच्या आवृत्तीवर जाणें हें जवळजवळ नवें घर बांधण्याइतकें खर्चाचें आहे.

आतां मूव्हेबल टाइपची राहिलेली हकीकत. २००४ सालच्या मे महिन्यांत तिची तिसरी आवृत्ति निघाली, आणि फुकट वापरणाऱ्यांनीं किती लेखक व किती स्थळें ठेवावींत ह्यावर मर्यादा आली. मालकांना तसें करण्याचा पूर्ण अधिकार होता. कोणाची फसवणूक झाली नाहीं. पण ज्यांनीं आपलें सारें लेखन तेथें ठेवलें होतें, त्यांना नियम आपल्या हातचे नाहींत हें एका दिवसांत उमगलें, आणि त्यांच्यापैकीं पुष्कळ जण एक वर्ष वयाच्या वर्डप्रेसकडे गेले. त्यांना जातां आलें, कारण त्यांचा मजकूर बाहेर काढतां येत होता. निवडीपूर्वीं कारागिराकडून हेंच प्रत्यक्ष करून घ्यावें: सर्व लेख आणि चित्रें एका फायलींत काढून दाखव, असें त्याला सांगावें.

त्याहून साधी, पण अधिक दुखरी गोष्ट डोमेनची, म्हणजे स्थळाच्या नांवाची. हें नांव कित्येकदां कारागीर आपल्याच नांवावर नोंदवितो. त्यांत कपट असतेंच असें नाहीं, घाई असते. पुढें तो दुसऱ्या शहरीं जातो, नूतनीकरणाची तारीख टळते, आणि पंधरा वर्षें पत्रांवर छापलेलें नांव तिऱ्हाइताच्या हातीं पडूं शकतें. नोंदणी संस्थेच्या नांवें असावी, आणि तिला जोडलेला ईमेल चिटणिसांचा खाजगी नसून संस्थेचा असावा, कारण चिटणीसहि बदलतात. प्रशासकाचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटांत तिजोरींत ठेवावा. बाईंना मात्र प्रशासकाचा अधिकार देऊं नये. वर्डप्रेसमध्यें लिहिणाऱ्यांचे अधिकार पायरीपायरीनें ठरविलेले आहेत: कोणी मजकूर लिहून पाठवूं शकतो पण लावूं शकत नाहीं, कोणी स्वतःचा लावूं शकतो, कोणी इतरांचाहि. बाईंनीं सूचना स्वतः लावावी. व्याख्यानमालेचें पत्रक त्यांनीं लिहावें आणि चिटणिसांनीं पाहून लावावें. जुन्या प्रती जपून ठेवलेल्या असतात, त्यामुळें चूक झाली तरी कालचें पान परत आणतां येतें. हें बाईंना पहिल्याच दिवशीं करून दाखविलें, म्हणजे त्यांची अर्धी भीति जाते.

निवडीची शेवटची परीक्षा अर्ध्या तासाची आहे. कारागिरानें दोन-तीन व्यवस्था कच्च्या मांडून द्याव्यात आणि बाईंना प्रत्येकींत एक सूचना लिहावयास, एक चित्र लावावयास आणि एक चूक सुधारावयास सांगावें. स्वतः मागें हात बांधून उभें राहावें. बोट दाखवूं नये. बाई कोठें अडल्या, कोणता शब्द त्यांना कळला नाहीं, हें टिपून घ्यावें. तज्ज्ञांच्या अहवालांत हें सांपडत नाहीं.

पडदाहि कायमचा नसतो, हें बाईंना अगोदर सांगून ठेवावें. डिसेंबर २०१८ मध्यें वर्डप्रेसची पांचवी आवृत्ति आली आणि लिहिण्याचा सबंध पडदा बदलला. ज्यांना जुना पाठ होता त्यांच्यासाठीं तो परत आणणारा एक जोड काढावा लागला. म्हणून शिकवणी एकदां देऊन भागत नाहीं. करारांत वर्षाला एक दिवस तिच्यासाठीं राखून ठेवावा. त्याबरोबर दोन पानांचें एक मराठी टिपण लिहून द्यावें, त्यांत कळांचीं नांवें पडद्यावर दिसतात तशींच असावींत, आणि त्याची एक प्रत देवघेवीच्या खिडकीच्या आंतल्या बाजूस चिकटवावी.